नंबर सेव्ह झाला पाहिजे

पुण्यात नारायण पेठेत माझं डीटीपीचं काम चालतं. पत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. हल्ली गिऱ्हाईक येतं ते म्हणतं, "ताई, छापायचं नाहीये, व्हॉट्सॲपवर पाठवायला कार्ड करून द्या." लगेच लोगो कुठे, फोटो केवढा, बॉर्डर कुठली, यावर बोलणं सुरू होतं. मी आधी विचारते, ज्याला कार्ड मिळेल त्याने त्याचं काय करावं असं तुम्हाला वाटतं? थोडा विचार करून बहुतेक जण एकच सांगतात: नंबर सेव्ह करावा, आणि सहा महिन्यांनी गरज पडली की तो त्याला सापडावा. माझं सगळं डिझाइन या एका अपेक्षेभोवती फिरतं.

घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक काकू आपलं जुनं कार्ड घेऊन आल्या होत्या. म्हणजे एक जेपीजी. मागे चकल्यांचा ढीग, वर सोनेरी वेलबुट्टी, आणि खाली पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नंबर. व्हॉट्सॲप चित्र पाठवताना ते दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक अक्षरं धुरकट झालेली. चित्रातल्या नंबरावर बोट ठेवलं की फोन लागतोच असं नाही. वाचणाऱ्याला दहा आकडे बघून बघून टाइप करावे लागतात. एवढा खटाटोप कोण करतं? ऑर्डर शेजारणीकडे जाते.

यावर उपाय जुनाच आहे, फक्त आपल्याकडे वापरला जात नाही. व्हीकार्ड नावाची एक छोटी फाइल असते, शेवटी .व्हीसीएफ असणारी. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या व्हर्सिट या गटाने 1990च्या दशकात ती आणली. 2011 साली तिची 4.0 आवृत्ती आली, पण मी अजून 3.0च देते, कारण जुन्या-नव्या बहुतेक फोनांना ती चालते. ही फाइल उघडली की फोन थेट "सेव्ह करू का?" विचारतो. टाइप काहीच करायचं नाही.

खरी कारागिरी या फाइलीच्या रकान्यांत आहे, आणि इथे घाई केलेली मला अजिबात चालत नाही. नावाच्या रकान्यात "सौ." किंवा "श्री." घातलं, तर माणूस यादीत भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतो, त्यासाठी उपाधीचा वेगळा रकाना आहे. मग धंदा. काकूंचं नाव कितीजणांच्या लक्षात राहणार? दिवाळीच्या तोंडावर लोक फोनमध्ये "फराळ" शोधतात. म्हणून कंपनीच्या रकान्यात "घरगुती फराळ, कोथरूड" असं लिहिलं, आणि तेच पुढे रोमन लिपीतही, कारण निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर शोधतात. नंबराआधी +91 हवंच. काकूंचे डबे अमेरिकेतल्या भाच्यांपर्यंत जातात, आणि तिथून नुसते दहा आकडे फिरवून फोन लागत नाही.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे मी प्रत्येकाला बजावते. छपाईसाठी वापरतो ते जुने डीटीपी फॉन्ट कागदावर देखणे दिसतात, पण तो मजकूर फोनमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट मिळतात, युनिकोड आहेत, आणि छोट्या पडद्यावर वेलांट्या-मात्रा मोकळ्या दिसतात.

आता क्यूआर. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 साली तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. त्यात अख्खं व्हीकार्ड भरता येतं, आणि मग ते वाचायला इंटरनेटही लागत नाही. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. मराठी पत्ता, घोषवाक्य, सगळं कोंबलं की ठिपके इतके बारीक होतात की साध्या कॅमेऱ्याला ते उमगत नाहीत. म्हणून क्यूआरमध्ये मी फक्त नाव, धंदा आणि नंबर ठेवते. भोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडायचीच, तिथे बॉर्डर नको. मध्ये लोगो हवाच असेल तर दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची, म्हणजे एच, घ्यावी. तीत साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. तरीही लोगो लहानच बरा.

दुसरा प्रकार असतो तो क्यूआरमध्ये नुसती लिंक ठेवायचा. सोय मोठी: पत्ता बदलला तरी कोड तोच राहतो. मात्र ती लिंक कोणाच्या मालकीची आहे ते बघा. एका दंतवैद्यांनी फुकटच्या सेवेवरून कोड करून घेतला, दवाखान्याच्या पाटीवरही रंगवला. मुदत संपली आणि त्या कोडवर पैसे भरा असं सांगणारं पान उघडायला लागलं. पाटी पुन्हा करावी लागली. वर्षाला थोडे पैसे मोजून स्वतःचं डोमेन घेणं केव्हाही बरं.

व्हीकार्ड एकदा सेव्ह झालं की ते आपोआप बदलत नाही, हेही गिऱ्हाइकाला माहीत हवं. म्हणून बदलणारं काही, जसं दर, वेळा, सुट्ट्या, मी फाइलीत घालत नाही. ते लिंकवरच्या पानावर. आणि घरून काम करणाऱ्या बायकांना मी पूर्ण पत्ता टाकू देत नाही. कार्ड कुठल्या ग्रुपवर फिरेल याला धरबंध नसतो. भाग लिहावा, पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावर द्यावा.

प्रूफ मी माझ्या स्क्रीनवर पास करत नाही. गिऱ्हाइकाने ते घरातल्या सर्वांत स्वस्त फोनवर, सर्वांत वयस्कर माणसाकडून, भर उन्हात गॅलरीत उघडून बघायचं. नंबर सेव्ह झाला, आणि "फराळ" शोधल्यावर सापडला, की बिल करते.