न लिहिलेल्या घटनेचा अभ्यास

ज्या इंग्रजांनी आपल्याला फौजदारीचे आणि पुराव्याचे कायदे कलमवार लिहून दिले, त्यांनी स्वतःच्या देशाची राज्यघटना मात्र आजवर एका ग्रंथात लिहून काढलेली नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे! काही कायदे, काही न्यायनिर्णय आणि बाकी सारी रूढी. १७२१ साली कारभार हाती घेतलेला रॉबर्ट वॉल्पोल हा तिथला पहिला पंतप्रधान मानतात. पण पार्लमेंटच्या कायद्यात 'पंतप्रधान' प्रथम अवतरला तो १९१७ साली. आणि तोसुद्धा चेकर्स नावाचा खेड्यातला वाडा त्याला राहायला देण्यासंबंधीच्या कायद्यात!

मी मराठीचा प्राध्यापक. हा प्रांत माझा नव्हे. परंतु आधुनिक ब्रिटिश शासन आणि राजकीय नेतृत्व या विषयात एम. ए. करण्यासाठी लंडनला जायचे माझ्या भाचीने ठरवले आणि घरात वादळ उठले. अभ्यासक्रम अवघा वर्षाचा, पण त्यासाठी मेहुण्यांच्या म्हातारपणाच्या ठेवीला हात लावावा लागणार होता. "गेलेल्या साहेबाचा कारभार शिकून आता काय करायचे?" हा त्यांचा सवाल. "मामा, तुम्हीच सांगा ना बाबांना!" असे म्हणून भाचीने पुस्तकांचा ढीग माझ्यापुढे आणून ठेवला. मी वाचू लागलो आणि वाचता वाचता रमलो.

या अभ्यासात सनावळी पाठ करून भागत नाही. डिसेंबर १९१६ पर्यंत मंत्रिमंडळाच्या बैठकींची अधिकृत टिपणेच ठेवत नसत. ती प्रथा लॉइड जॉर्जच्या काळात पडली. ही कागदपत्रे लंडनमधल्या क्यू येथील अभिलेखागारात असतात. १९५८ च्या कायद्याने ती पन्नास वर्षांनी खुली होत. पुढे ही मुदत तीस आणि आता वीस वर्षांवर आली आहे. शिवाय मंत्र्यांच्या रोजनिशा आहेतच. रिचर्ड क्रॉसमनची रोजनिशी छापू नये म्हणून सरकारपक्ष १९७५ साली न्यायालयात गेला आणि हरला. एकाच बैठकीची हकीकत टिपणात एक आणि रोजनिशीत दुसरी! विद्यार्थ्याने दोन्ही ताडून पाहायच्या.

पण खरा धडा पुढेच आहे. मे १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेवरून पार्लमेंटात वाद झाला. चेंबरलेन २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. तरी स्वपक्षीयांचा विश्वास ओसरला हे ओळखून दोन दिवसांत पायउतार झाले आणि चर्चिल आले. तीन निवडणुका जिंकलेल्या मार्गारेट थॅचर यांना नोव्हेंबर १९९० मध्ये पक्षातल्या मतदानात २०४ आणि प्रतिस्पर्ध्याला १५२ मते पडली. नियमाप्रमाणे विजयाला चार मते कमी! सहकाऱ्यांनी एकेक करून मनातले सांगितले आणि बाईंनी माघार घेतली. उलट जून २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी तरले, पण खुर्ची सोडीनात. महिनाभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली तेव्हा कुठे त्यांनी जाण्याचे कबूल केले. म्हणजे रूढी आपोआप चालत नाही; ती चालवणारी माणसे लागतात.

मला यात आपल्या भाषेचीच आठवण झाली. व्याकरणाचे पुस्तक मागाहून येते. आधी बोलणाऱ्यांची रीत असते. ती रीत सुटली की नुसत्या नियमांनी भाषा सावरत नाही.

मेहुण्यांना मी एवढेच सांगितले, की ही पोर साहेबाचा थाट शिकायला जात नाही. सत्ता हाती असताना ती केव्हा सोडायची, आणि सोडायला कोणी लावायचे, हे ती पाहणार आहे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पैसे भरले.

आपली घटना लेखी आहे. संसदीय पद्धत मात्र आपण बव्हंशी तिथलीच घेतली. स्वतः लंडनमध्ये शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बजावले होते, की घटनात्मक नीती ही उपजत भावना नव्हे. ती जोपासावी लागते. कलमे ग्रंथात मिळतात, वाचकहो. ही जोपासना कशी होते आणि कुठे चुकते, ते मात्र माणसांच्या वागण्यातूनच वाचावे लागते.