उसाचे प्लॅस्टिक : दोन प्रश्न वेगळे विचारा

गेल्या महिन्यात गट कार्यालयात खोडव्याची बैठक चालू असताना एका वयस्क सभासदांनी मातीने माखलेली पिशवी आमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, उसाची पिशवी म्हणून पोरानं शहरातनं आणली. खताच्या खड्ड्यात पुरली. वरीस झालं, हाय तशी हाय. मग यातला ऊस गेला कुठं?"

बैठकीत हशा पिकला. पण प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर सर्व सभासद बंधू-भगिनींना द्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

उसापासून प्लॅस्टिक होते ही थाप नव्हे. त्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली अल्कोहोलची. अल्कोहोलमधून पाणी काढले की इथिलीन वायू मिळतो आणि त्यापासून पॉलिथिन. ब्राझीलमध्ये त्रिउन्फो येथे ब्रास्केम कंपनीने २०१० साली वर्षाला २ लाख टनांचा असा कारखाना सुरू केला. मात्र हे पॉलिथिन आणि खनिज तेलाचे पॉलिथिन यांत गुणाचा काहीच फरक नाही. उसाने हवेतला कार्बन घेतला हा फायदा, पण ते मातीत कुजत नाही. आमच्या सभासदांची पिशवी याच जातीची असावी.

दुसरी वाट लॅक्टिक आम्लाची. दुधाचे दही होताना जे आम्ल तयार होते तेच हे. साखरेवर जीवाणू सोडून ते करतात आणि त्याची साखळी जोडून 'पीएलए' नावाचे प्लॅस्टिक बनवितात. थायलंडमध्ये रायोंग येथे २०१८ पासून उसाच्या साखरेवर ७५ हजार टनांचा असा कारखाना चालतो. आपल्याकडे बलरामपूर चिनी मिल्सने २०२४ साली उत्तर प्रदेशात असा प्रकल्प जाहीर केला. पीएलए कुजते, पण त्याला ओलावा आणि सुमारे ६० अंश उष्णता कित्येक आठवडे टिकून लागते. आपला उकिरडा चार दिवस तापतो आणि निवतो. तेवढ्याने भागत नाही.

उलट, खनिज तेलापासून केलेली काही प्लॅस्टिके मातीत कुजतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारावेत : माल आला कशापासून, आणि वापरल्यावर जातो कुठे?

"मग आपल्या कारखान्याने का करू नये?" असेही विचारले जाते. हिशेब पाहा. एक किलो पीएलएला कागदावरच १.२ किलो साखर लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ७५ हजार टनांना किमान ९० हजार टन साखर, म्हणजे दहा टक्के उताऱ्याने ९ लाख टन ऊस. रोज ६ हजार टन गाळणाऱ्या कारखान्याचा दीडशे दिवसांचा सगळा हंगाम त्यात जाईल. भांडवल वेगळेच. हे एकट्याने झेपणारे काम नव्हे. आणि जाहिरात पाहून वाढीव दराची आशा धरू नये.

तोवर आपल्या हातात काय आहे? कुजणारी म्हणून पिशवी घेताना तिच्यावर 'कंपोस्टेबल' शिक्का, उत्पादकाचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक पाहावा. कलिंगड-मिरचीला अंथरलेला मल्चिंग पेपर साधा असेल तर पीक निघताच गोळा करावा. रोटर मारला की तुकडे होतात, मग ते वेचणे होत नाही. बांधावर पेटवूही नये.

आणि खोडव्यात तर उसाने आच्छादन फुकट दिले आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते न जाळता सरीत पसरावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू टाकावेत. ओल टिकते, तण कमी येते आणि पाचट त्याच रानात खत होते.

त्या सभासदांनी पिशवी परत नेली नाही. ती गट कार्यालयात ठेवली आहे. येता-जाता जरूर पाहावी.