गोळी रोज चालू आहे, पण मनाचं काय? रक्ताच्या कर्करोगासोबत जगताना

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे अजूनही जुन्या सिनेमातला प्रसंग डोळ्यांसमोर येतो. डॉक्टर चष्मा काढतात, मान खाली घालतात आणि घरचे रडायला लागतात. प्रत्यक्षात रक्ताचा कर्करोग हा एकच आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे त्याचे तीन मोठे गट, आणि त्यांचे कितीतरी पोटप्रकार. काहींत तातडीने केमो सुरू करावी लागते. काहींत मात्र रुग्ण वर्षानुवर्षं नोकरी, शेती, दुकान सांभाळून जगतो. या दुसऱ्या प्रकारातला एक आजार म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दवाखान्यात त्याला सगळे 'सीएमएल' म्हणतात. शरीराचा उपचार रोज एका गोळीवर आला, पण मनाचा भार तेवढ्याने उतरत नाही, हे या आजारात फार स्पष्ट दिसतं.

आजार काय आणि गोळी काय करते?

सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतल्या एका पेशीत 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जातात. त्यातून तयार होणाऱ्या आखूड गुणसूत्राला 'फिलाडेल्फिया क्रोमोसोम' म्हणतात, कारण 1960 मध्ये त्याच शहरातल्या नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांनी ते ओळखलं. या बिघाडामुळे पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होत राहतात. थकवा येतो, वजन उतरतं, प्लीहा वाढल्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटतं. पुष्कळांना तर दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्त तपासणीतच आजार कळतो.

2001 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली इमॅटिनिब ही गोळी नेमका हाच बिघाड रोखते. 'ग्लिव्हेक' नावाने येणाऱ्या या औषधाच्या पेटंटचा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने पेटंट नाकारलं. त्या वेळचा हिशेब साधारण असा होता: मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर, तर भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळीला दहा हजारांच्या आसपास. सर्वसाधारण घरातला रुग्ण आज उपचार चालू ठेवू शकतो, त्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. गोळीला चांगला प्रतिसाद देणारा रुग्ण जवळपास इतरांइतकं आयुष्य जगू शकतो.

बाहेरून धडधाकट, आतून धास्ती

या उपचारात सहसा डोक्यावरचे केस जात नाहीत, सलाइन लावून पडून राहावं लागत नाही. त्यामुळे लोक म्हणतात, "तुला काय झालंय? बरा तर दिसतोस." पण पायात गोळे येतात, डोळ्यांभोवती सूज येते, मळमळतं, संध्याकाळपर्यंत अंगातला जीव गेल्यासारखं होतं. इमॅटिनिबने काहींच्या त्वचेचा रंग उजळतो. मग "काय रे, गोरा झालास की!" अशी थट्टा होते आणि रुग्ण हसून विषय बदलतो.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या पुढे आढळतो. भारतात तो तिशी-चाळिशीतच मोठ्या प्रमाणात दिसतो. म्हणजे ऐन कर्त्या वयात. घराचा हप्ता, मुलांची फी, धाकट्या बहिणीची सोयरीक, सगळं डोक्यावर असतं. म्हणून आजार लपवला जातो. लपवायची गरज वाटते त्यामागे दोन गैरसमज आहेत. सीएमएल संसर्गाने पसरत नाही. तो आई-बापांकडून मुलांकडे वारशानेही जात नाही, कारण हा बिघाड जन्मानंतर कधीतरी रक्ताच्या पेशीत होतो. लग्न, संसार होऊ शकतो. मात्र इमॅटिनिब चालू असताना गर्भाला धोका असतो, त्यामुळे महिलांनी मूल हवं असल्यास आधी डॉक्टरांशी बोलून नियोजन करायला हवं.

सगळ्यात कठीण दिवस रिपोर्टच्या आधीचे. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी पीसीआर तपासणी होते. रक्त दिलं की उत्तर येईपर्यंत झोप लागत नाही, कशावरून तरी घरात चिडचिड होते. आकडा 0.1 टक्का किंवा त्याखाली असला तर आजार चांगला आटोक्यात आहे असं मानतात. एखाद्या वेळी आकडा थोडा वर गेला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. डॉक्टर तपासणी पुन्हा करून मगच निर्णय घेतात.

मन थकलं की गोळी चुकते

खरा धोका इथे आहे. "बरा आहे, कशाला रोज आठवण?" असं वाटून, नाहीतर कंटाळून, रुग्ण अधूनमधून गोळी टाळायला लागतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 87 रुग्णांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून तीन महिने गोळ्या मोजल्या गेल्या. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की 90 टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार खोलवर दबण्याचं प्रमाण फार कमी होतं. 90 टक्के म्हणजे 30 दिवसांत तीन गोळ्या चुकणं. एवढ्याने फरक पडतो. म्हणून उदासीकडे दुर्लक्ष करणं म्हणजे उपचाराकडेच दुर्लक्ष करणं.

सीमाभागातली जादा अडचण

बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार भागातल्या रुग्णाचा रिपोर्ट इंग्रजीत, खिडकीवरचं बोलणं कन्नडमध्ये आणि भीती मराठीत. मुलगा किंवा पुतण्या मधे दुभाषा होतो आणि "घाबरतील" म्हणून अर्धंच सांगतो. यावर साधा उपाय म्हणजे घरीच प्रश्न मराठीत लिहून न्यायचे आणि प्रत्येकाचं उत्तर विचारून घ्यायचं. "जीव घाबरतो", "कशात मन लागत नाही" हे शब्द जसेच्या तसे सांगायला लाजू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, उत्साह गेला असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. केंद्र सरकारच्या टेली-मानस या सेवेत 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

मुंबई किंवा बंगळूरला उपचारासाठी जायचं असेल तर डॉक्टरांच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. सोबत कुणी असलं की वाटेत बोलणं होतं, हेही कमी नाही.

घरच्यांसाठी

- गोळीची वेळ जेवणाला बांधून घ्या. इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतात.
- "काही होत नाही" म्हणून गप्प करू नका. आधी ऐकून घ्या.
- रिपोर्टच्या दिवशी एकटं पाठवू नका.
- झाडपाल्याचं किंवा दुसरं कुठलंही औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका.
- सगळ्या गावाला सांगायची गरज नाही. पण घराबाहेरच्या निदान एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

काही वर्षं आजार खोलवर दबून राहिला तर काही रुग्णांची गोळी थांबवून पाहतात. त्यातल्या साधारण निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. हा निर्णय नियमित तपासणी ठेवून फक्त डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. तोपर्यंत गोळी रोज घ्यायची, आणि मनात साचलेलं कुणाजवळ तरी बोलून टाकायचं.