चॉकोलेट वितळविणे

केक, बिस्किटे, मिठाई इत्यादींसाठी घन चॉकोलेट मंद उष्णतेने प्रवाही करण्याची पाकक्रिया. ही क्रिया वरवर पाहता सोपी वाटते. परंतु तूप वितळवावे त्याप्रमाणे चॉकोलेट सरळ विस्तवावर ठेवल्यास ते करपते आणि त्यात पाण्याचे चार थेंब पडल्यास त्याचा कोरडा, रवाळ गोळा होतो. या दोन्ही गोष्टींचे कारण चॉकोलेटच्या घटनेत आहे.

घटना : कोको वृक्षाच्या आंबवून, वाळवून व भाजलेल्या बियांपासून चॉकोलेट तयार करतात. कोको लोणी या स्निग्ध पदार्थात साखरेचे व कोकोचे (दूधयुक्त प्रकारात दुधाच्या भुकटीचेही) अतिसूक्ष्म कण विखुरलेले असे हे संधारण होय. हे कण बहुधा ३० मायक्रोमीटरपेक्षा लहान असल्याने जिभेला जाणवत नाहीत. स्निग्ध पदार्थांचे एकूण प्रमाण सु. ३० ते ४० टक्के असते. पाणी मात्र अत्यल्प असते. चॉकोलेट वितळते तेव्हा केवळ कोको लोणी द्रवरूप होते; साखर व कोको यांचे कण घनच राहतात. १८४७ मध्ये ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यात कोकोच्या लगद्यात जादा कोको लोणी मिसळून साच्यात ओतता येईल असे चॉकोलेट करण्यात आले. १८७९ मध्ये रोडोल्फ लिंट यांनी ते दीर्घकाळ घोटण्याची पद्धत काढली आणि त्यामुळे चॉकोलेटला आजचा मऊपणा आला.

वितळविण्याची रीत : चॉकोलेटचे सारखे, बारीक तुकडे करून ते कोरड्या भांड्यात घेतात. हे भांडे मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असे बसवितात की, त्याचा तळ पाण्याला टेकू नये. भांड्यावर झाकण ठेवू नये, कारण झाकणावर जमलेल्या वाफेचे पाणी आत ठिबकते. दोन-तृतीयांश चॉकोलेट वितळताच भांडे खाली उतरवून ढवळत राहावे. उरलेले तुकडे आतील उष्णतेनेच वितळतात. गडद चॉकोलेटचे तापमान सु. ५०° से. व दूधयुक्त आणि पांढऱ्या चॉकोलेटचे सु. ४५° से. यापलीकडे जाऊ देऊ नये. दुधातील प्रथिने अधिक उष्णतेने गुठळ्या धरतात. मायक्रोवेव्ह भट्टीत मध्यम शक्तीवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळावे. तेथे तुकडे आतून वितळले तरी बाहेरून त्यांचा आकार टिकून राहतो, त्यामुळे केवळ दिसण्यावर विसंबल्यास चॉकोलेट करपते.

पाण्याचा परिणाम : वितळलेल्या चॉकोलेटमध्ये थोडेसे पाणी गेल्यास साखरेच्या कणांचे पृष्ठभाग ओले होऊन चिकट होतात, कण एकमेकांस चिकटतात आणि सर्व मिश्रण आकसून घट्ट होते. ओला चमचा किंवा पाण्यात वा अल्कोहॉलात केलेला सुगंधी अर्क एवढ्यानेही असे घडू शकते. पाणी पुरेसे अधिक असेल, तर मात्र साखर त्यात विरघळते, स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म थेंब बनून त्यात पसरतात व गुळगुळीत पायस तयार होते. गरम साय व चॉकोलेट एकत्र करून गनाश करतात, तो याच तत्त्वावर. म्हणून द्रव घालावयाचा असल्यास तो प्रारंभीच व चॉकोलेटच्या वजनाच्या निदान पाव भाग असावा. गडद चॉकोलेटला याहून अधिक लागतो. घट्ट झालेला गोळा टाकून देण्याचे कारण नाही. त्यात गरम पाणी किंवा दूध थोडे थोडे घालून घोटल्यास तो पुन्हा मऊ होतो. असे चॉकोलेट केकच्या मिश्रणास अथवा रसास चालते. आवरणासाठी मात्र निरुपयोगी ठरते.

स्फटिकीकरण : केकच्या पिठात मिसळावयाचे चॉकोलेट नुसते वितळविले तरी पुरते. आवरणासाठी किंवा साच्यासाठी ते वितळविल्यावर योग्य रीतीने थिजणेही आवश्यक असते. कोको लोण्याचे सहा स्फटिकरूपांत घनीभवन होते व त्यांचे वितळबिंदू सु. १७° ते ३६° से. या दरम्यान आहेत. त्यांपैकी सु. ३४° से.ला वितळणारे पाचवे रूप इष्ट होय. त्यामुळे चॉकोलेट चकाकते, कट्कन मोडते आणि तोंडात विरघळते. त्यासाठी गडद चॉकोलेट सु. ४५° ते ५०° से.पर्यंत तापवून २७°–२८° से.पर्यंत निववितात व पुन्हा ३१°–३२° से.पर्यंत आणतात. या क्रियेस टेंपरिंग म्हणतात. घरी यासाठी सोपा मार्ग म्हणजे एक-चतुर्थांश तुकडे राखून ठेवून ते वितळलेल्या भागात ढवळत निववणे. या तुकड्यांतील इष्ट स्फटिक बीजाचे काम करतात. कोको लोण्याऐवजी अन्य वनस्पतिज स्निग्ध पदार्थ वापरलेल्या ‘कंपाउंड’ चॉकोलेटास टेंपरिंग लागत नाही. मात्र त्याची चव व तोंडात विरघळण्याचा गुण कमी प्रतीचा असतो.

उष्ण हवामानातील काळजी : विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४०° से.हून अधिक होते, म्हणजे कोको लोण्याच्या वितळबिंदूच्या वर जाते. कपाटातील चॉकोलेट अशा वेळी वितळून पुन्हा अनियमितपणे थिजते व त्यावर पांढुरकी पुटे येतात. ती बुरशी नसून स्निग्ध पदार्थाचे स्फटिक असतात. असे चॉकोलेट खाण्यास योग्य असते व पुन्हा वितळवून वापरता येते. कोकणच्या दमट हवेत शीतकपाटातून काढलेल्या चॉकोलेटवर दव जमते. तेच पाणी वितळविताना घात करते. म्हणून ते हवाबंद डब्यात ठेवावे आणि डबा खोलीच्या तापमानास आल्यावरच उघडावा.

कोकणातील कोकमाच्या बियांपासून मिळणारे घट्ट तेल रासायनिक घटनेने कोको लोण्याशी मिळतेजुळते असून त्याचा वितळबिंदू अधिक आहे. त्यामुळे ते अल्प प्रमाणात मिसळल्यास चॉकोलेट उष्णतेस अधिक टिकते. यूरोपीय संघाने २००० साली चॉकोलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास संमत केलेल्या सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांत कोकमतेलाचा समावेश आहे.