२४ सप्टेंबर विसरून कसे चालेल?

१४ एप्रिल, ६ डिसेंबर, १ जानेवारी या तारखा आपल्या समाजाला तोंडपाठ आहेत. पण पुण्यात दोनदा इतिहास घडविणारा २४ सप्टेंबर बहुतेक घरांत कोराच जातो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये भटाची दलाली नको, हा त्याचा गाभा. बरोबर ५९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९३२ ला, गांधींच्या उपोषणाच्या दडपणाखाली येरवडा तुरुंगात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा वाढून १४८ झाल्या, पण बाबासाहेबांनी झगडून मिळविलेला स्वतंत्र मतदारसंघ गेला. धर्मातला दलाल जोतीरावांनी नाकारला होता. राजकारणातला दलाल या कराराने आत आणला.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३० व ३३२ नुसार आजही राखीव जागेवर उमेदवार आपला, पण मतदार सर्वच. म्हणूनच कराराच्या पन्नाशीला, २४ सप्टेंबर १९८२ रोजी, मान्यवर कांशीराम यांनी ‘द चमचा एज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

आमचे म्हणणे एवढेच, की या दिवशी वस्तीवस्तीच्या विहारांत जोतीरावांना अभिवादन करावे आणि पुणे कराराची नऊ कलमे मोठ्याने वाचावीत. मग राखीव जागेवरच्या आमदाराला बोलावून विचारावे, साहेब, तुम्ही उत्तर समाजाला देता की तिकीट देणाऱ्या पक्षाला?

जय जोती! जय भीम!