लिपिवाचन व मेंदू

लिपिवाचन व मेंदू : डोळ्यांना दिसणाऱ्या लेखनचिन्हांवरून ध्वनी व अर्थ यांचा बोध करून देणारी मेंदूतील प्रक्रिया. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. एवढ्या अल्पावधीत वाचनासाठी मेंदूचा स्वतंत्र भाग उत्क्रांत होणे शक्य नव्हते. त्यामुळे वाचायला शिकणारे प्रत्येक मूल वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या जुन्या यंत्रणेचाच काही अंश या नव्या कामी लावते. भिन्न लिप्यांमुळे या प्रक्रियेत फरक पडतो काय, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

फ्रेंच तंत्रिकातज्ञ झ्यूल देझेरीन यांनी १८९२ मध्ये एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला दिसत होते, बोलता व लिहिता येत होते. परंतु स्वतःच लिहिलेला मजकूर त्याला वाचता येत नव्हता. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या मागील भागात इजा आढळली. याच परिसरातील, पश्चकपाल व शंख खंडांच्या सीमेवरील एक लहानसा पट्टा शब्दांची दृश्य रूपे ओळखतो, असे लॉरां कोएन, स्तानिस्लास दहाएन व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या (एमआरआय) साहाय्याने दाखविले.

चिनी लिपीविषयी मात्र दीर्घकाळ निराळी समजूत होती. चिनी अक्षर म्हणजे चित्र आणि चित्रे ओळखणे हे उजव्या गोलार्धाचे काम, असा तो तर्क होता. ओव्हिड त्झेंग व त्यांचे सहकारी यांच्या १९७९ च्या प्रयोगात सुटे अक्षर डाव्या दृष्टिक्षेत्रात (म्हणजे उजव्या गोलार्धाला) दाखविले असता अधिक चांगले ओळखले गेले. पण दोन अक्षरांचा शब्द दाखविताच वरचढपणा डाव्या गोलार्धाकडे गेला. मुळात बहुसंख्य चिनी अक्षरे चित्रे नसून जोड आहेत : एक घटक अर्थाचे क्षेत्र सुचवितो, दुसरा उच्चार. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ या अक्षरात ‘स्त्री’ व ‘घोडा’ ही दोन चिन्हे शेजारी असतात. त्यात घोड्याचा अर्थाशी काही संबंध नाही. त्याचा उच्चारही ‘मा’ असल्याने (स्वराघात निराळा) तो तेथे आला आहे. चिनी मुलास प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३,००० अक्षरे ओळखावी लागतात व ती पुन्हापुन्हा गिरवूनच पाठ होतात. वाचनात मागे पडणाऱ्या चिनी मुलांत डाव्या ललाट खंडाच्या मधल्या वळीचे कार्य क्षीण असल्याचे २००४ मध्ये आढळले. हाताच्या लेखनहालचालींशी निगडित असलेला भाग तिच्या लगतच आहे. तथापि २०१२ मध्ये फ्रेंच व चिनी वाचकांची तुलना झाली, तेव्हा आकार ओळखणारी आणि हाताची गती जाणणारी अशा दोन्ही यंत्रणा दोन्ही गटांत आढळल्या. पाया समान असून लिपीनुसार भर तेवढा बदलतो, असे म्हणता येईल.

देवनागरी या दोहोंच्या मध्ये येते. तिचे एकक वर्ण नसून अक्षर आहे, पण ते अक्षर वर्णांत फोडता येते. ३४ व्यंजनांची बाराखडीच ४०८ अक्षरांची होते, जोडाक्षरे वेगळी. उदाहरणांसाठी पनवेल तालुक्यातील पाट्या पुरेशा आहेत. ‘पनवेल’मध्ये अक्षरे चार, पण उच्चारात ‘पन्’ व ‘वेल्’ असे दोनच खंड. ‘न’ व ‘ल’ यांतील ‘अ’ गाळावयाचा हे लिपी सांगत नाही, भाषा जाणणारा वाचकच ठरवितो. वासुदेव बळवंत फडके यांच्या ‘शिरढोण’ या गावाच्या नावात वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र ‘श्’नंतर होतो. ‘कर्नाळा’ या नावात उलट प्रकार आहे : ‘र्’चा उच्चार ‘न्’च्या आधी, पण रफार ‘ना’च्या डोक्यावर. डोळ्यांचा क्रम व जिभेचा क्रम असा तुटला की मेंदूला वेळ लागतो. ज्योत्स्ना वैद व अशुम गुप्ता यांच्या २००२ मधील हिंदीविषयक अभ्यासात अशा ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागल्याचे दिसून आले. मराठीत ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’ची भर पडते, तेथे शब्द ओळखल्यावाचून उच्चार निश्चित होत नाही. देवनागरी जशी लिहिली तशी वाचली जाते, हे शाळेत शिकविले जाणारे विधान म्हणूनच बेताने घ्यावे.

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह व त्यांचे सहकारी यांनी देवनागरी वाचताना मेंदूचे चित्रण केले. वर्णमालात्मक लिप्या वाचताना कार्यरत होणारे डावे भाग त्यात दिसलेच; शिवाय अवयवांच्या मांडणीचे भान ठेवणारा उजव्या पार्श्विका खंडाचा वरचा भागही दिसला. वर, खाली, मागे व पुढे चिन्हे लागणाऱ्या लिपीकडून याहून वेगळी अपेक्षा करता आली नसती.

या ज्ञानाची निकड शाळेत भासते. इंग्रजीत वाचनअक्षमता असलेले मूल चुका करते. जेथे लेखन व उच्चार यांचा मेळ बराच आहे, तेथे तसे मूल पुष्कळदा बरोबर, पण फार सावकाश वाचते. फळ्यावरचे उतरून घेईपर्यंत फळा पुसला जातो आणि त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. इंग्रजी कसोट्यांची केवळ भाषांतरे ही उणीव पकडू शकत नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. मात्र निदान झाल्यावाचून सवलत नाही, आणि मराठी माध्यमाच्या मुलाचे निदान मराठीतूनच व्हावयास हवे. मानेसरच्या केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांतील निदानसंच प्रसिद्ध केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला.