पाहिलेलें आणि शिकलेलें

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेनंतर पालकांची सभा भरली होती. सभा आटोपल्यावर एका विद्यार्थ्याच्या मातोश्री आमच्यापाशीं आल्या व म्हणाल्या, "सर, रोज रात्रीं दोन-दोन तास तो मोबाईलवर धडे पहात असतो. मी स्वतः शेजारीं बसलेली असतें. अभ्यास तर करतो. मग गुण कां पडत नाहींत?" मोबाईल हप्त्यानें घेतलेला होता, आणि तो घेतांना घरची कोणती तरी दुसरी गरज मागें सारावी लागली होती, हें त्यांच्या बोलण्यावरून आमच्या ध्यानांत आलें. त्यांच्या प्रश्नाचें नीट उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा यत्न करीत आहों. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं.

प्रथम हे धडे आहेत तरी काय, तें पाहूं. २००४ सालीं अमेरिकेंत सलमान खान नांवाचे एक तरुण गृहस्थ (चित्रपटांतील नट नव्हेत) आपली नोकरी संभाळून, दूरच्या गांवीं राहणाऱ्या नात्यांतील एका मुलीस फोनवरून गणित शिकवूं लागले. पुढें नात्यांतील आणखी मुलें शिकावयास आलीं. तेव्हां तोच तोच भाग प्रत्येकास पुन्हा सांगण्यापेक्षां त्याच्या लहान लहान चित्रफिती करून २००६ सालापासून त्या यूट्यूबवर ठेवण्यास त्यांनीं आरंभ केला. त्यांतून २००८ सालीं खान अकादमी ही नफा न घेणारी संस्था उभी राहिली, आणि कोणत्याहि देशांतील मुलास विनामूल्य ते धडे पाहतां येऊं लागले.

आपल्या देशांत केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'दीक्षा' हें व्यासपीठ सुरू केलें. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर कोडवर मोबाईल धरला कीं त्या धड्याचें साहित्य समोर येतें, ही सोय आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेच. पुस्तकांत असे कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेंत रणजितसिंह डिसले गुरुजींनीं केला, आणि २०२० सालीं 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा पुरस्कार त्यांस मिळाला. पुण्यास आयुका संस्थेच्या विज्ञानकेंद्रांत दीर्घकाळ काम केलेले अरविंद गुप्ता यांनीं काड्यापेटींतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनीं वर्तमानपत्रें अशा वस्तूंपासून विज्ञानाचीं खेळणीं कशीं करावींत, हें दाखविणाऱ्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सर्वांस खुल्या करून ठेविल्या आहेत. सारांश, चांगला शिक्षक गांवांत नाहीं म्हणून विद्या अडली, असें म्हणण्यास पूर्वीइतकी जागा उरलेली नाहीं.

मग अडतें कोठें? तें आमच्याच वर्गांत आमच्या प्रत्ययास आलें. नववीच्या एका तुकडीस बल व गति या विषयावरील एक चित्रफीत आम्हीं पडद्यावर दाखविली. बोलणें स्पष्ट, आकृत्या सुबक, वेळ अवघा आठ मिनिटांचा. शेवटीं "समजलें का?" असें विचारतांच वर्गानें एकमुखानें "समजलें" म्हणून सांगितलें. तेव्हां आम्हीं एक चेंडू वर उडवून विचारलें, "चेंडू अगदीं वर पोंचला, त्या क्षणीं त्याच्यावर कोणतें बल आहे?" कोणी म्हणालें, कांहींच नाहीं, कारण तेथें तो क्षणभर थांबतो. कोणी म्हणालें, हाताचा जोर व पृथ्वीचें आकर्षण हीं तेथें सारखीं होतात. खरें उत्तर चित्रफितींत दोनदां येऊन गेलें होतें. हवेचा अल्पसा विरोध सोडला, तर हातांतून सुटल्यापासून परत हातीं येईपर्यंत चेंडूवर एकच बल असतें. तें पृथ्वीचें आकर्षण, आणि तें सर्वकाळ त्यास खालींच ओढीत असतें. हाताचा जोर हातापाशींच राहतो. चेंडूबरोबर जाते ती गति.

हें सांगितल्यावर पुढच्या बाकावरील एक मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, "पण सर, मला खरंच समजलं होतं!" तो खोटें बोलत नव्हता. त्याला समजल्यासारखें वाटलें होतें. आणि हें वाटणें व समजणें यांतील अंतर आंतून ओळखतां येत नाहीं, हीच खरी अडचण आहे.

याच विषयावर सिडनी विद्यापीठांत डेरेक म्युलर यांनीं संशोधन करून २००८ सालीं आपला प्रबंध लिहिला. त्यांनीं दोन तऱ्हेच्या चित्रफिती विद्यार्थ्यांस दाखविल्या. एकींत विषय सरळ व स्वच्छ समजावून सांगितला होता. दुसरींत आधीं एक विद्यार्थी आपली चुकीची समजूत बोलून दाखवितो, व मग संवादांतून ती खोडून काढिली जाते. पहिली पाहणारे विद्यार्थी म्हणाले, 'सोपी आहे, स्पष्ट आहे'. परंतु चाचणींतील त्यांचे गुण जवळजवळ जेथल्या तेथेंच राहिले. दुसरी पाहणाऱ्यांस ती गोंधळांत टाकणारी वाटली, डोक्यास ताण पडला. परंतु गुण त्यांचेच वाढले. याचें कारण मोठें मनोरंजक आहे. मनांत जी समजूत आधींच घर करून बसली आहे, तीच आपण पडद्यावर पहात आहों, असें पाहणारास वाटत राहतें. कान ऐकतात एक, मन नोंद घेतें दुसरी. आणि जुनी चूक नव्या विश्वासानें अधिकच पक्की होते.

म्हणून दुसऱ्या तुकडीस तीच चित्रफीत दाखवितांना आम्हीं रीत बदलली. चेंडूचा प्रश्न आधीं विचारला व प्रत्येकास आपलें उत्तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहावयास लाविलें. मग दोन मिनिटें दाखवून चित्रफीत थांबविली. शेजाऱ्यास आपलें मत सांगावयास दिलें. पुन्हा दोन मिनिटें दाखविली. आठ मिनिटांच्या चित्रफितीस संपूर्ण तास लागला. वर्गांत गलका झाला, वाद झाले, आणि घंटा झाली तरी कांहींजण आपल्या जुन्या मतावरच होते. परंतु आपलें मत काय होतें व तें कोठें डळमळलें, हें प्रत्येकास ठाऊक होतें. पहिल्या तुकडीस तेंच ठाऊक नव्हतें.

हें थांबविण्याचें व विचारण्याचें काम करणारीं साधनें आतां विनामूल्य मिळतात. स्पेनमधील बार्सिलोना येथें २०१३ सालीं आरंभ झालेलें 'एडपझल' हें त्यांपैकीं एक. शिक्षकानें एखादी चित्रफीत निवडावी, तींतील हवा तेवढाच भाग कापून घ्यावा, आणि जेथें चूक होण्याचा संभव तेथें प्रश्न पेरावा. त्या जागीं चित्र आपोआप थांबतें. पुढचा भाग उड्या मारून गांठतां येऊं नये, अशीहि व्यवस्था करितां येते. कोणीं किती पाहिलें व काय उत्तर दिलें, याचा तक्ता शिक्षकास मिळतो. २०१२ साली सुरू झालेल्या 'टेड-एड'वरहि यूट्यूबवरील चित्रफितीखालीं प्रश्न, पुढील वाचन व चर्चा जोडून पाठ तयार करितां येतो. मध्यें मध्यें प्रश्न विचारण्यानें काय साधतें, याचा प्रयोग हार्वर्ड येथील संशोधकांनीं केला व तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. चित्रित व्याख्यानांत ठिकठिकाणीं लहान चाचण्या घेतल्या, तेव्हां विद्यार्थ्यांचें मन कमी भरकटलें, त्यांनीं टिपणें अधिक घेतलीं, व अखेरच्या परीक्षेंत त्यांचीं उत्तरें अधिक बरोबर आलीं.

परंतु साधन प्रश्न विचारूं शकतें. कोणता प्रश्न विचारावा, हें शिक्षकानेंच ठरवावें लागतें. 'चित्रांतील चेंडूचा रंग कोणता' असें विचारल्यास सर्व उत्तरें बरोबर येतील आणि शिक्षण कांहींच होणार नाहीं. त्या तक्त्यांतील मोलाची गोष्ट गुण नव्हे, चुका होत. ज्या प्रश्नास निम्मा वर्ग अडखळला, तो दुसऱ्या दिवसाचा धडा, असें आम्हीं मानीत आलों आहों.

'विनामूल्य' या शब्दाविषयींहि दोन शब्द सांगणें जरूर आहे. फुकटच्या खात्यांत पाठांच्या संख्येस मर्यादा असते. यूट्यूबवर मध्येंच जाहिराती येतात, व एक चित्रफीत संपते न संपते तोंच दुसरी पुढें उभी राहते. शिवाय धडा फुकट असला तरी डेटा फुकट नसतो; आणि ज्या घरीं एकच मोबाईल व तोहि वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलास घरीं पाहण्यास दिलेला पाठ म्हणजे शिक्षाच होय. म्हणून शक्य तों वर्गांतच, एका पडद्यावर, सर्वांनीं मिळून पाहणें आम्हांस न्याय्य वाटतें. त्यासाठीं महाग यंत्रेंहि लागत नाहींत. एक पडदा, थांबविण्याची एक कळ आणि चिठ्ठ्यांपुरते कागद असले कीं पुरे. चित्रफीत आधीं उतरवून घेण्याची सोय असेल, तर इंटरनेट गेलें तरी तास बुडत नाहीं.

आतां विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही घरीं धडा पाहाल तेव्हां एवढें करा. सुरू करण्यापूर्वीं त्या विषयाचें तुम्हांस काय वाटतें, तें दोन ओळींत लिहून काढा. चुकलें तरी चालेल. दर दोन-तीन मिनिटांनीं चित्र थांबवा व आतां काय सांगितलें, तें वहींत न पाहतां लिहा. संपल्यावर मोबाईल पालथा ठेवून एक तरी उदाहरण स्वतः सोडवा. यानें दोन तासांत सहा धडे होणार नाहींत, एकच होईल. पण तो तुमचा होईल.

आणि पालकहो, मुलाच्या शेजारीं बसणें ही मोठी गोष्ट आहे. तींत एका गोष्टीची भर घाला. धडा संपला कीं त्यास म्हणा, "आतां हें मला सांग." आपणांस विषय येत नाहीं, ही अडचण मानूं नका, ती सोयच आहे. ज्यास कांहीं ठाऊक नाहीं त्यास समजावून सांगतांना आपणांस स्वतःला काय ठाऊक नाहीं, तें मुलास ताबडतोब कळतें.

ज्यांनीं आम्हांस हा प्रश्न विचारला, त्या मातोश्रींस आमचें उत्तर एवढेंच कीं, तुमचा मुलगा आळशी नाहीं, व मोबाईलवर घातलेला पैसाहि वायां गेलेला नाहीं. तो आजवर पहात होता. आज रात्रीं त्याच्या हातीं एक चेंडू द्या, आणि तो वर गेला म्हणजे काय होतें, तें त्यास तुम्हांला सांगूं द्या.